लेड झेपलिन, २१ जून १९७७ : प्रेक्षकांत बसून केलेलं एक रेकॉर्डिंग

टेपवेडा

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज माळा आवरताना ती कॅसेट हाताला लागली आणि राहवलं नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट, कव्हरवर निळ्या बॉलपेनने 'झेप, एलए, ७७, १/२' एवढंच. १९९१ साली मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो, मावसभावाचा एक मित्र अमेरिकेहून आला होता, त्याच्या कॅसेटवरून डबल डेकवर उतरवून घेतली होती. त्याच्याकडे फक्त पहिलीच कॅसेट होती, दुसरी कुणाला तरी दिली ती परत आली नाही. त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं ही कॉन्सर्ट माझ्यासाठी अर्ध्यावरच संपायची. आणि ए साईड 'नो क्वार्टर' ऐन रंगात असताना संपायची, म्हणजे जॉन पॉल जोन्स पियानोवर कुठेतरी लांब निघालाय आणि खट्! उठा, कॅसेट उलटवा, परत बसा. आजही ते गाणं कुठेही ऐकलं तरी त्या जागी माझा हात उठायला बघतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. लेड झेपलिन हा इंग्लंडचा रॉक बँड. लॉस एंजेलिसला लागून इंगलवूड आहे, तिथल्या फोरम नावाच्या मोठ्या हॉलमध्ये झेपलिनने जून १९७७ मध्ये सहा रात्री वाजवलं, २१, २२, २३ आणि मग २५, २६, २७. त्यातली ही पहिली रात्र. तीन तासांच्या वर कार्यक्रम. कंपनीने याचा अल्बम काढलेला नाही. त्यांचा त्या काळातला अधिकृत लाईव्ह अल्बम १९७६ चा, तो १९७३ च्या न्यूयॉर्कचा, आणि २००३ मध्ये जो तीन सीडींचा संच आला तो १९७२ चा. १९७७ सालचा झेपलिन कसा वाजत होता हे ऐकायचं तर अशाच टेपा शोधायला लागतात.

आणि ही टेप केली माईक मिलार्ड नावाच्या माणसाने. बँडशी संबंध नाही, रेडिओवाला नाही, तिकीट काढून आलेला एक प्रेक्षक. पण तयारी बघा. एकेजी कंपनीचे ४५१ जातीचे दोन कंडेन्सर माईक, नाकामिची ५५० हा बॅटरीवर चालणारा स्टिरिओ कॅसेट रेकॉर्डर, जो पोर्टेबल म्हणत असले तरी चांगला जडशीळ डबा होता, आणि जागा स्टेजच्या जवळ, जिथे दोन्ही बाजूंचे स्पीकर सारखे कानावर येतील अशी. बूटलेग म्हणून, म्हणजे परवानगीशिवाय छापून विकलेली रेकॉर्ड म्हणून, ही टेप 'लिसन टू धिस, एडी' या नावाने जगभर फिरली. नाव ज्यांनी विकली त्यांनी ठेवलंय, मिलार्डने नाही. तो विकत नव्हता आणि त्याच्या टेपांवर दुसऱ्यांनी पैसे केलेले त्याला आवडत नव्हते.

झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम, त्याचा ड्रम ऐकायचा असेल तर माझ्या मते स्टुडिओतलं काही लावायच्या आधी हे लावा. पहिल्याच गाण्यात तो ज्या ताकदीने येतो ना, त्यात बास ड्रमचा ठोका आणि त्यानंतर हॉलमधून परत येणारा त्याचा धक्का असं दोन्ही वेगवेगळं लागतं. तीन वर्षांनी, २५ सप्टेंबर १९८० ला तो गेला. आणि या सहा रात्रींनंतर झेपलिन लॉस एंजेलिसमध्ये परत वाजलाच नाही. जुलैत ओकलंडला वाजवलं, २६ तारखेला गायक रॉबर्ट प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा गेला, उरलेला दौरा रद्द झाला, अमेरिकेत ते चौघं मिळून परत कधी आले नाहीत. त्या हॉलमधल्या सतरा-अठरा हजार लोकांना यातलं काहीच माहीत नाही, ते नुसते आनंदाने ओरडतायत, आणि मला ते ऐकताना दर वेळी गलबलून येतं.

तुमच्याकडे अशी कुठली टेप आहे का? कुठल्याही बँडची. लिहा.

निवांत_निशा

वाचतेय! मी झेपलिन फक्त स्टुडिओ अल्बममधलाच ऐकलाय. ते व्हीलचेअरचं काय आहे, कुठेतरी वाचलं होतं की हा माणूस व्हीलचेअरमध्ये बसून जायचा?

टेपवेडा

हो, खरंय ते. चालता येत असूनही तो व्हीलचेअरवर बसून जायचा, मित्र ढकलायचे आणि रेकॉर्डर खाली सीटच्या पोटात लपवलेला असायचा. दारावर झडती व्हायची, आणि एवढा मोठा डबा जॅकेटमध्ये लपणं शक्यच नाही. दर कार्यक्रमाला असंच केलं असं नाही. यात एखाद्या खऱ्या अपंग माणसाला मिळणारी सवलत वापरली हे मला खटकतंच, टेप आवडते म्हणून ते बरोबर ठरत नाही.

डेसिबल

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मला ऑडियन्स टेप सहन होत नाहीत. शेजारचा शिट्ट्या मारतोय, कुणीतरी फटाके फोडतंय, प्लांट काय म्हणतोय ते कळत नाही, वर हिस, म्हणजे टेपची ती सूं. साऊंडबोर्ड मिळत असताना लोक हे का ऐकतात? मिक्सरमधून थेट वायर काढून घेतलेला आवाज स्वच्छ असतो, प्रत्येक वाद्य वेगळं. बाकी सगळं आठवणींचं प्रेम वाटतं मला. तुम्ही १९९१ मध्ये ऐकलंत म्हणून तुम्हाला ते भारी वाटतं.

सर्किटवाला

डेसिबल, मी वीसेक वर्षं साऊंडचं काम केलंय, लग्नांपासून नाटकांपर्यंत, म्हणून दोन शब्द. साऊंडबोर्डवर जे येतं तो 'हॉलमध्ये ऐकू आलेला आवाज' नसतो. मिक्सर कशासाठी असतो, तर जे हॉलमध्ये कमी पडतंय ते वाढवण्यासाठी. गिटारचा अँप स्टेजवरच इतका मोठा वाजत असेल की त्याला पीएची, म्हणजे हॉलमधल्या मोठ्या स्पीकरांची, गरज कमी, तर इंजिनिअर मिक्सरवर ती कमी ठेवतो, आणि मग साऊंडबोर्ड टेपवर गिटार बारीक आणि गाणारा अंगावर येतो असं होतं. माणसं नाहीत, हॉल नाही, ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवल्यासारखे. ऑडियन्स टेपवर स्टेजचा आवाज अधिक पीएचा आवाज अधिक हॉल, हे तिन्ही हवेत मिसळून माईकपर्यंत आलेलं असतं. इंजिनिअर रात्रभर ज्या आवाजासाठी धडपडत होता तो हा आवाज.

अर्थात यासाठी टेप करणारा योग्य जागी हवा. अशा मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये मागे गेलात की खालचे सूर नुसते घुमतात, थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परत आलेला आवाज जास्त होतो आणि मग त्याचं काही करता येत नाही. तुम्ही ऐकलेल्या टेपा बहुतेक तशाच असणार. मिलार्डने जागेचा जो अट्टाहास केला त्यातच अर्धं काम आहे. बाकीचं अर्धं म्हणजे लेव्हल. पहिला ठोका किती मोठा येणार हे आधी माहीत नसतं, लेव्हल जास्त ठेवली तर आवाज फाटतो, कमी ठेवली तर हिस. आणि गाण्याच्या मधे नॉब फिरवला की ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

सॅनहोजेकर

मस्त धागा. मी बे एरियात आहे, इथे या गोष्टीची एक वेगळीच परंपरा आहे, ग्रेटफुल डेड या रॉक बँडची. त्यांनी रेकॉर्डिंग करणाऱ्यांना पकडायचं सोडून त्यांना जागाच देऊन टाकली. ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीच्या कम्युनिटी थिएटरपासून टेपर्ससाठी वेगळा विभाग सुरू केला, मिक्सरच्या मागे, त्याची वेगळी तिकिटं. अट एकच, वाटा पण विकू नका. उंच स्टँडवर माईकांचं जंगल उभं असायचं, फोटो बघा कधीतरी. आज इंटरनेट अर्काइव्हवर त्यांच्या हजारो कार्यक्रमांच्या टेपा आहेत. २००५ मध्ये बँडने साऊंडबोर्डच्या टेपा डाऊनलोड करायला बंद केल्या, फक्त तिथल्या तिथे ऐका म्हणाले, पण प्रेक्षकांनी केलेल्या टेपा उतरवून घ्यायला मोकळ्याच राहिल्या.

माझ्या ऑफिसातले एक गृहस्थ जुने टेपर आहेत. त्यांनी मला सांगितलं की पहिल्यांदा शिकावं लागतं ते गप्प बसणं. टाळी वाजवायची नाही. गायचं नाही. मान डोलवली की माईक हलतो, बाजूच्याने काही विचारलं तर नुसती मान हलवून उत्तर. ज्या बँडसाठी चार-चार तास गाडी चालवत गेलो त्यांच्यासमोर पुतळ्यासारखं उभं राहायचं. ते म्हणाले, कार्यक्रम मी नंतर घरी ऐकायचो, तिथे असताना मी फक्त मीटर बघायचो.

निवांत_निशा

हे वाचून कसंसंच झालं. सगळ्यात जास्त प्रेम असलेल्यालाच टाळी वाजवता येत नाही.

पावसाळी_ढग

याचा उलटा अनुभव माझा आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये पिंक फ्लॉइडवाला रॉजर वॉटर्स मुंबईला एमएमआरडीए ग्राउंडवर आला होता तेव्हा मी खिशातल्या छोट्या रेकॉर्डरवर अख्खा कार्यक्रम घेतला. घरी येऊन ऐकलं तर सगळीकडे मीच गातोय, वॉटर्स मागे कुठेतरी. तेव्हा वाईट वाटलं होतं. पण माझ्याबरोबर तेव्हा जो मित्र होता तो आता जगात नाही आणि एका ठिकाणी दोन गाण्यांच्या मधे त्याचा आवाज आहे, "अरे पाणी आहे का," एवढंच. ती फाईल मी चार ठिकाणी जपून ठेवलीय.

कलमबहाद्दर

सगळं ठीक आहे, पण मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये. ही चोरी आहे की नाही? कलाकाराने परवानगी दिलेली नाही. आज गळा बसलाय, गिटार उतरलीय, अशी रात्र कुणी कायमची नोंदवून ठेवावी का हे ठरवायचा हक्क त्याचा आहे. झेपलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट बूटलेगवाल्यांच्या मागे हात धुवून लागायचा. १९७१ साली व्हँकुव्हरला त्याने बूटलेगवाले समजून ज्यांची उपकरणं फोडली ते महापालिकेसाठी आवाजाची पातळी मोजायला आलेले लोक निघाले! मारहाण चूक, पण राग समजू शकतो. दुसऱ्याच्या मेहनतीवर दुकानात रेकॉर्ड विकणारे काही संगीतसेवा करत नव्हते.

टेपवेडा

कलमबहाद्दर, विकणाऱ्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मी स्वतः बूटलेग सीडी एकदाही विकत घेतलेली नाही. पण टेप करणारा आणि ती छापून विकणारा ही दोन माणसं वेगळी धरा. आणि अधिकृत काही येत नव्हतं म्हणूनच हा धंदा उभा राहिला हेही आहे. रोलिंग स्टोन्सचं बघा, नोव्हेंबर १९६९ च्या ओकलंडच्या कार्यक्रमाचं प्रेक्षकांतून केलेलं रेकॉर्डिंग बूटलेग म्हणून इतकं गाजलं की लोक त्याला बँडचा सर्वोत्तम लाईव्ह अल्बम म्हणायला लागले, आणि त्या दौऱ्याचा स्टोन्सचा स्वतःचा लाईव्ह अल्बम त्यानंतर, सप्टेंबर १९७० मध्ये आला. झेपलिनचंही तेच, ४ सप्टेंबर १९७० ची याच फोरममधली रात्र प्रेक्षकांनी रेकॉर्ड केली, रॉकच्या अगदी सुरुवातीच्या बूटलेगांपैकी ती एक. त्या वेळी झेपलिनचा एकही अधिकृत लाईव्ह अल्बम नव्हता, तो यायला आणखी सहा वर्षं लागली.

गळा बसलेल्या रात्रीचा तुमचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बंडूनाना

मी रॉकवाला नाही, पण नात म्हणाली आजोबा तुमच्या आवडीचा धागा आहे, म्हणून वाचला. आमच्याकडे स्पूलचा रेकॉर्डर होता. गणेशोत्सवातले कार्यक्रम, कुणाच्या घरच्या बैठका, बुवांच्या पायाशी माईक ठेवून आम्ही घ्यायचो, बहुतेक वेळा विचारून. एकदा एका मोठ्या गायकाने (नाव लिहीत नाही) नको म्हणून सांगितलं, तर बंद केला आणि नुसतं ऐकलं. विचारल्यावर नाही म्हणाले तर बंद करायचं एवढं आम्ही पाळलं.

तुम्ही म्हणता ते हॉलचं खरं आहे. मैफलीच्या टेपमध्ये समेवर येणारी दाद नसेल तर ती समही कोरडी लागते. कुणी "वा" म्हणतं, त्यावर गाणारा तीच जागा पुन्हा घेतो, थोडी वेगळी घेतो. ती "वा" काढून टाकली तर त्याने ती जागा परत का घेतली हे कळणारच नाही. माझ्याकडच्या काही टेपांत मागे माझ्या आईच्या बांगड्या वाजतात, चहाचे कप वाजतात. सीडी करून देणारा मुलगा म्हणाला हे साफ करून देतो, मी म्हटलं हात लावू नकोस.

टेपवेडा

नाना, नमस्कार. या टेपांबद्दल वेगळा धागा काढा ना, प्लीज.

सर्किटवाला

+१ नाना. साफ करण्यावरून आठवलं, जुन्या टेपा दुरुस्त करताना एक युक्ती असते ती सांगतो. रेकॉर्डरची बॅटरी उतरत गेली की टेप हळू फिरते, मग नंतर नीट मशीनवर वाजवली की सूर वर चढतो. कॉन्सर्टच्या सुरुवातीला बरोबर आणि शेवटी पाव सूर वर, असं होतं. हे मोजायचं कसं, तर हॉलमधल्या अँपमधून विजेची एक बारीक घूं असते. अमेरिकेत ती साठ हर्ट्झ, आपल्याकडे पन्नास. टेपमध्ये ती घूं शोधायची, ती साठवरून कुठे सरकलीय ते बघायचं आणि तेवढा वेग फिरवायचा. म्हणजे सगळ्यांना जी नकोशी असते ती घरघरच शेवटी सूर सांगते.

आणि टेपवेडा, तुमची कॅसेट डिजिटल करणार असाल तर डेकच्या हेडचा कोन आधी जुळवून घ्या. ज्या डेकवर उतरवली त्याचा कोन तुमच्या आताच्या डेकशी जुळत नसेल तर वरचे सूर गायब होतात आणि माणसाला वाटतं टेप खराब झाली.

सॅनहोजेकर

मिलार्डवर परत येतो, कारण सगळ्यात मोठी गोष्ट अजून इथे आलीच नाहीये. २६ एप्रिल १९७५, लॉस एंजेलिस स्पोर्ट्स अरीना, पिंक फ्लॉइड. हीसुद्धा त्याचीच टेप, तेच माईक, तोच नाकामिची. आणि ही टेप डिसेंबर २०२५ मध्ये फ्लॉइडने स्वतः, अधिकृतपणे, 'विश यू वेअर हिअर'च्या पन्नाशीच्या संचात काढली! स्टीव्हन विल्सनने दुरुस्त केलीय.

त्या रात्री काय वाजलं ते बघा. 'शाईन ऑन' वाजलंय आणि अल्बम यायला अजून साडेचार महिने आहेत, तो सप्टेंबरमध्ये आला. म्हणजे हॉलमध्ये बसलेल्यांनी ते कधी ऐकलेलंच नाही, ते पहिल्यांदा ऐकताना कसे गप्प होतात ते ऐका. शिवाय अजून दोन गाणी आहेत जी पुढे नावं आणि शब्द बदलून १९७७ च्या 'अ‍ॅनिमल्स'मध्ये 'शीप' आणि 'डॉग्ज' म्हणून आली. मग अख्खा 'डार्क साईड', आणि शेवटी 'एकोज'. बाहेर त्याच पाच रात्रींत पोलिसांनी पाचशेच्या वर पोरं धरली होती, बहुतेक गांजासाठी. आणि हा माणूस आत रेकॉर्डर घेऊन बसलाय.

कलमबहाद्दर

हे मला माहीत नव्हतं. बँडने स्वतःच्या संचात घेतली असेल तर त्या टेपपुरता माझा आक्षेप संपला. मिलार्डचं नाव दिलंय का त्यांनी?

सॅनहोजेकर

हो, त्याच्या नावानिशी आहे. बघायला तो मात्र नाही. १९९४ मध्येच गेला, स्वतःच जीवन संपवलं त्याने. कित्येक वर्षं सगळे म्हणायचे की जाण्याआधी त्याने मास्टर टेपा नष्ट केल्या. ते खरं नव्हतं, मित्रांनी त्या जपल्या होत्या आणि अलीकडच्या काही वर्षांत त्या एकेक करून मूळ कॅसेटवरून बाहेर आल्या. आधी आपण जे ऐकत होतो ते कॉपीची कॉपी होतं.

मुंबईचा_जुना

अवांतर, पण झेपलिन निघालाच आहे तर. ऑक्टोबर १९७२ मध्ये झेपलिनचा गिटारवाला जिमी पेज आणि प्लांट मुंबईत होते, इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत दोन गाणी रेकॉर्ड केली आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या छोट्या क्लबमध्ये लोकांसमोर वाजवलंसुद्धा. ती स्टुडिओची गाणी कितीतरी दशकं बूटलेग म्हणूनच फिरत होती, शेवटी २०१५ मध्ये झेपलिनच्या 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृत आली. सतार, सारंगी, तबला आहे त्यात. त्या वादकांच्या घरी कुणी ती रेकॉर्ड पाठवली असेल का, असं नेहमी मनात येतं.

डेसिबल

परत आलोय. सर्किटवाल्यांचं वाचून काल रात्री २१ जूनची टेप पहिल्यापासून लावली, हेडफोन नाही, बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर, दिवे घालवून. पहिली दहा मिनिटं मला त्रास झाला, प्लांटचे शब्द शोधत होतो. मग शोधायचं सोडलं. 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' मध्ये मला पहिल्यांदा गिटार कुठून येतेय ती जागा समजली, समोर, थोडी उंचावर. साऊंडबोर्डवर ती डोक्याच्या मधोमध असते. हिसबद्दलचं माझं मत तेच आहे. पण तीन तास संपेपर्यंत उठलो नाही, बायको एकदा येऊन बघून गेली.

टेपवेडा, तुम्ही म्हणालात तुमच्याकडे अर्धीच होती. दुसरी अर्धी पहिल्यांदा कधी ऐकलीत?

टेपवेडा

२००४ मध्ये. इंटरनेट कॅफेत, फाईल उतरायला तीन दिवस लागले, रोज जाऊन थोडी थोडी. सीडीवर टाकून घरी आणली आणि लावायच्या आधी खूप वेळ नुसता बसून राहिलो, तेरा वर्षं मी मनातल्या मनात दुसरा भाग रचून ठेवला होता. 'कश्मीर' सुरू झालं आणि मला आठवतंय की मी मोठ्याने म्हणालो, हे तर माझ्या मनातल्यापेक्षा हळू आहे. हळू, आणि त्यामुळे कितीतरी मोठं. मग 'अकिलीस लास्ट स्टँड' आलं, तिथे मी काही म्हणालो नाही.

रविवारी सर्किटवाल्यांनी सांगितलं तसा हेडचा कोन जुळवून ही जुनी कॅसेट उतरवून घेणार आहे. मास्टरवरून निघालेली प्रत आता माझ्याकडे आहे, त्यामुळे तसं बघितलं तर गरज नाही. पण ए साईड संपतानाचा तो खट् फक्त याच कॅसेटवर आहे, तोही घेणार.